साडूचे अश्रू

जावयानं रुसावं, याला केवळाबाईंची हरकत नव्हती. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, धोंड्याचं जेवण होतं आणि एखादा जावई ऐन पानावर हात आखडून बसतो. त्यांच्या चुलत बहिणीचा जावई मोटारसायकलसाठी रुसला होता आणि संध्याकाळपर्यंत टेबलफॅनवर राजी झाला होता. म्हणजे या गोष्टीला एक रीत असते. पण दोन्ही जावयांनी एकाच वेळी, सासरच्यांवर नव्हे तर एकमेकांवर, आणि तेही बदकांपायी रुसावं, तेव्हा काय करायचं हे त्यांना कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

पाट मांडले होते. पाय धुऊन झाले होते, औक्षण झालं होतं. तांब्याच्या ताम्हनात अनारसे आणि वर चांदीचं निरांजन असं वाणही दोघांना देऊन झालं होतं. घर लिंगायतांचं आणि महिना विष्णूचा, पण केवळाबाईंच्या यजमानांनी, गुरुपादप्पांनी, पूर्वीच सांगून टाकलं होतं की देवांचं देव बघून घेतील, जावई आपले आहेत. बाहेर लातूरचं ऊन पत्र्यावर पापड भाजावेत असं होतं. आत कूलर पाण्याचा वास आणि गरम वारा अशा दोन्ही गोष्टी सारख्या वाटत होता.

थोरले जावई सुदर्शनराव, औशाचे शासकीय कंत्राटदार. त्यांच्या पानात केवळाबाईंनी पुरणाचा पहिला धोंडा वाढला आणि वर तूप सोडलं. दुसरा धोंडा धाकट्या हरिओमरावांच्या पानात पडला. हे नांदेडचे. सुदर्शनरावांनी तुपाकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि हात मागे घेतला.

"मी जेवत न्हाई मामी."

"अगं बाई! कामून वं? काही कमी पडलं का?"

"कमी काय न्हाई. जास्तच झालंय. ह्या हरिओमनं त्याच्या पिच्चरमधून माझं रडणं काढतो मन्लं, तर जेवतो."

हरिओमचा घास तोंडाजवळ पोचला होता. तो त्यानं परत पानात ठेवला. वर्षाराणी, त्याची बायको, दारात चटणीचं भांडं घेऊन उभी होती. स्वतंत्र माहितीपट काढणारा माणूस वाढलेलं पान सोडतो, हे दृश्य तिनं आजवरच्या संसारात पाहिलेलं नव्हतं.

"मग मीबी जेवत न्हाई," हरिओम म्हणाला. "रडणं काढायचं म्हणत असतील, तर पुरण राहू द्या."

जावई जेवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, हा नियम. गुरुपादप्पांच्या थोरल्या बहिणीला, नागम्मा आत्याला, तो सगळ्यांत आधी आठवला.

"अय्यो शिवने," ती भिंतीला टेकून म्हणाली, "मी शुगरची गोळी घेऊन बसलेय की रे."

*

दोघांना दोन खोल्यांत बसवण्यात आलं. सुदर्शनराव थोरले म्हणून त्यांच्या वाट्याला कूलर आला. हरिओमला आतल्या खोलीत, तुरीच्या पोत्यांशेजारी खुर्ची मिळाली. गुरुपादप्पा तिथं त्याच्यासमोर पोत्यावरच टेकले. माल बघताना ते असेच बसत.

धाकट्या जावयाबद्दल गुरुपादप्पांची स्वतःची एक अडचण होती. त्यांची आडत मोठी. दुकानात दिवसभर माणसांचा राबता, आणि प्रत्येक जण विचारायचा, धाकटे काय करतात? 'माहितीपट काढतात' म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, 'ते ठीक, पण करतात काय?' गोदावरीतल्या जलपर्णीवर त्यानं एक पट काढला होता. झाडांना ठोकलेल्या खिळ्यांवर दुसरा. खिळ्यांच्या पटाला बल्गेरियात सन्मानपत्र मिळालं होतं आणि ते गुरुपादप्पांनी दुकानात भिंतीवर लावलं होतं, खिळा ठोकून. स्वतंत्र या शब्दाचा अर्थ त्यांना हळूहळू कळत गेला होता: पगार स्वतंत्र म्हणजे कुठे तरी वेगळाच राहतो. लग्नसराईत हरिओम लग्नांचं शूटिंग करायचा, पण मंगलाष्टकं सुरू झाली की त्याचा कॅमेरा मांडवावरच्या चिमण्यांकडे वळायचा आणि नवरीकडची माणसं भांडायला यायची.

शेवटी गुरुपादप्पांनी उत्तर शोधलं होतं. 'जावई कलेक्टर ऑफिसात असतात.' ते खोटंही नव्हतं. दर सोमवारी हरिओम तिथं निवेदन घेऊन बसलेला असायचाच.

"हे बगा हरिओमराव," ते म्हणाले, "चार मिनटाचा मामला हाय मन्ते वर्षा. कापून टाका की. तासभर बदकं हायत ना?"

"मामा, बदकं सगळ्यांकडं असतात. रडणारा कंत्राटदार फक्त माझ्याकडं आहे."

मामला असा होता. औशाच्या अलीकडे ढोरतळं म्हणून एक तळं आहे. थंडीत तिथं तांबडी बदकं उतरतात. पुस्तकात त्यांना चक्रवाक म्हणतात. हरिओम सहा हिवाळे चिखलात पालथा पडून त्यांचं शूटिंग करत होता. दोन वर्षांपूर्वी सुदर्शनरावच त्याला म्हणाले होते, चल, मी सांगतो तुला ह्या तळ्याचं. आणि काठावर पँट दुमडून बसून, बोलता बोलता ढसढसा रडले होते. त्यानंतर वर्षभरात तळ्याच्या सुशोभीकरणाचं काम निघालं आणि ते सुदर्शनरावांनाच लागलं. चारी बाजूंनी दगडी पिचिंग म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, फरशीचा वॉकिंग ट्रॅक, सेल्फी पॉइंट आणि सिमेंटचे सहा राजहंस. नवं नाव 'स्वप्नसरोवर'.

येत्या रविवारी नांदेडात हरिओमचा पट पहिल्यांदा पडद्यावर यायचा होता. ते रडणं त्यातून काढलं, तर मागे उरत होतं ते तासाभराचं पाणी, त्यावर पक्षी, आणि त्यावर हरिओमचा आवाज. वर्षाराणीनं हा भाग पाहिला होता. ती दोनदा झोपली होती.

तरीही ती नवऱ्याच्या बाजूची नव्हती. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि वडिलांच्या देखतच म्हणाली, "दाजींचं ऐका की. दाजी आपल्या घराला सळई देऊन राहिलेत, वाळू देऊन राहिलेत. तुमच्या बदकांनी काय दिलं आजपर्यंत?"

"सन्मानपत्र," गुरुपादप्पा मध्येच बोलले. मग बोलून गेल्याचं त्यांचं त्यांना नवल वाटलं.

*

बाहेरच्या खोलीत सुदर्शनराव कूलरसमोर बसून मनातल्या मनात जेवत होते. पुरण त्यांना जीव की प्राण. पण पुढच्या आठवड्यात मंत्री राजहंसांच्या उद्घाटनाला येणार होते, आणि त्याच्या आधी जिल्हाभर मोबाइलवर आपण बदकासाठी रडताना फिरलो तर? या धंद्यात माणूस दगडासारखा लागतो. पोकलेनचा ड्रायव्हरसुद्धा रडक्या माणसाचं ऐकत नाही.

"सुदर्शना," नागम्मा आत्या त्यांच्याजवळ सरकली. "एक घास खा. मग रूस पुन्हा."

"आत्या, तुम्ही ह्यात पडू नका."

"मी कुठं पडले? मी पडायच्या बेतात हाय."

तेवढ्यात दीपमाला स्वयंपाकघरातून आली. ती सुदर्शनरावांची बायको. इतका वेळ ती आमटीला उकळी देत होती आणि घरातला कज्जा कानावर घेत होती. तिच्या डोक्यात एकच वाक्य अडकलं होतं.

"अहो. तुम्ही रडलात?"

"कुठं?"

"मी विचारतेय ना, कुठं ते. ह्या घरात सगळ्यांला ठाव हाय, माझा नवरा रडला मनून. रविवारी नांदेडच्या लोकांला कळणार. मला कधी कळणार?"

"तसं काय न्हाई गं..."

"वर्षा!" दीपमालानं आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली. "तुझ्या नवऱ्याला सांग, तो पिच्चर टीव्हीला जोडा मनून. मला बगायचंय. आत्ता."

*

हरिओमच्या पटाला आजवर इतका आतुर प्रेक्षकवर्ग लाभला नव्हता. सगळे उपाशी होते आणि कुणालाही उठून जाता येत नव्हतं. त्यानं लॅपटॉपची वायर टीव्हीला लावली. केवळाबाई हातात तुपाची वाटी घेऊनच बसल्या.

पडद्यावर ढोरतळं आलं. काठावर सुदर्शनराव, पँट गुडघ्यापर्यंत. आवाज एकदम वेगळा, मऊ.

'शाळा बुडवून इथं यायचो मी. ही बदकं जोडीनं राहतात. एका साली एकीला कुणीतरी मारलं. राहिलेला एकटाच, समोर त्या दगडावर बसायचा. अख्खा हिवाळा. मी डब्यातली भाकर टाकायचो त्याला. खायचा न्हाई.' एवढं बोलून पडद्यावरचे सुदर्शनराव रडले. दोन्ही मनगटांनी डोळे पुसत, नाक ओढत, शाळकरी पोरासारखे.

केवळाबाईंनी पदर डोळ्याला लावला. नागम्मा आत्या "अय्यो पाप" म्हणाली. गुरुपादप्पासुद्धा खाकरले. खऱ्या सुदर्शनरावांनी मान खाली घातली होती, आणि एक क्षणभर सगळ्या घराला त्यांची माया आली.

तो क्षण दीपमालानं संपवला.

"माझ्या अप्पांची बायपास झाली तवा कुठं होतात?"

"पार्किंगमधी."

"डोळ्यात पाणी?"

"गाडी लावत होतो गं मी!"

"मला टायफाइड झाला तवा? लेक सासरी गेली तवा? मांडवात सगळं गाव रडत होतं आणि हे वाढप्यावर ओरडत होते. आणि बदकाची बायको मेली तर!"

गुरुपादप्पांनी हळूच आपल्या छातीवर, टाक्यांच्या जागी हात ठेवला. इतका वेळ ते थोरल्या जावयाच्या बाजूनं होते. आता ते सरळ होऊन बसले. "म्हणजे आमची छाती फाडली तरी कोरडे, आन् बदकानं भाकर खाल्ली न्हाई तर..."

"आणि इथं म्हातारी भाकर मागून राहिली," नागम्मा आत्यानं आपलंही प्रकरण जोडून दिलं.

सुदर्शनरावांनी चौफेर पाहिलं. सासरा गेला, बायको गेली, आत्या गेली. सरकारी कामात अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केलं. जबाबदारी खालच्या माणसावर ढकलली.

"ते खरं न्हाईच मुळी! ह्या हरिओमनंच सांगितलं, रडा मनून. डोळ्याखाली बाम लावला त्यानं. विचारा!"

सगळ्या माना हरिओमकडे वळल्या.

हरिओमला उत्तर देणं सोपं होतं. 'होय, लावला' म्हटलं की दीपमालाचा राग उतरत होता, मामांचे टाके शांत होत होते, जेवण वाढलं जात होतं. सुदर्शनराव सगळ्यांच्या पाठीमागून हात जोडून त्याला तेच विनवत होते. वर्षाराणीनं त्याच्या दंडाला चिमटा घेतला, आणि तो प्रेमाचा नव्हता. पण घरातल्या सहा माणसांसमोर एकदा 'मी रडवलं' म्हटलं, की ते रडणं नांदेडात कुठल्या तोंडानं दाखवायचं? मग गोदावरीतली जलपर्णीही आपणच आणून टाकली होती, असं कुणी म्हटलं तर?

"बाम लावला नव्हता," हरिओम म्हणाला. "ते खरं रडले."

"शपथ?" दीपमाला म्हणाली.

"शपथ कशाला? न कापलेलं शूटिंग आहे माझ्याकडं. बघा."

आणि बटण दाबल्यावर त्याला आठवलं की त्या न कापलेल्या शूटिंगमध्ये काय आहे. पण तोवर ते सुरू झालं होतं.

पुन्हा तळं. पुन्हा भाकर. 'खायचा न्हाई.' सुदर्शनराव रडू लागले. आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला.

पडद्यावरच्या सुदर्शनरावांनी तो काढला. त्यांचा आवाज कोरडा ठणठणीत झाला. 'हां बोला. न्हाई न्हाई न्हाई, मुरूम न्हाई टाकायचा, गिट्टी टाका. कुणी सांगितलं मुरूम? त्याला फोन दे. दे त्याला! अरे गाडी मागं घे. मागं. मागं, मागं, मागं... बस्स. थोबाड फोडीन मुरूम टाकला तर.' फोन खिशात गेला. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. 'कुठवर आलतो मी?'

'भाकरीपर्यंत,' हरिओमचा आवाज आला.

'हां. भाकर टाकायचो.' त्यांचा चेहरा पुन्हा विरघळला. 'खायचा न्हाई रे.' आणि ते रडले. आधीपेक्षाही जास्त.

मग दीपमाला हसली. आधी नाकातून, मग पदरात, मग पदर सोडून. तिच्यामागून वर्षाराणी, मग नागम्मा आत्या भिंतीवर हात आपटत. केवळाबाईंच्या वाटीतलं तूप हिंदकळून सतरंजीवर सांडलं.

"हे आमचेच हायत!" दीपमाला डोळे पुसत म्हणाली. "हरिओमराव, हे कामून कापलंत वं तुम्ही?"

"फोनमुळं रडणं खोटं वाटलं असतं," हरिओम ओशाळून म्हणाला. सत्याच्या बाजूनं इतकी वर्षं लढणाऱ्या माणसाला आपण सत्यातला फोन काढून टाकला होता, हे सासुरवाडीत कळावं याचं त्याला वाईट वाटत होतं.

"उलटं की! फोन नव्हता मनून तर मला ते दुसरंच कुणीतरी वाटलं. माझ्या नवऱ्याला एवढा वेळ सलग रडता येत न्हाई. मांडवात मंगळसूत्र घालताना सुद्धा ह्यांनी खाली मान करून रोलरवाल्याला फोन केलता."

गुरुपादप्पा मात्र हसत नव्हते. त्यांच्या छातीवरचा हात अजून तिथंच होता.

"सुदर्शनराव, पार्किंगमधीबी फोनच चालू होता का?"

सुदर्शनरावांनी सतरंजीवरच्या तुपाकडे पाहत उत्तर दिलं. "फोन नंतर आला मामा."

"आन् आधी?"

"आधी रडत होतो की."

"किती वेळ?"

"गिट्टीवाल्याचा फोन येस्तोवर."

गुरुपादप्पांनी हे जरा वेळ मनात तोलून पाहिलं. मग त्यांनी हात छातीवरून काढला आणि जावयाच्या पाठीवर ठेवला. "तेवढं बास झालं," ते म्हणाले. "जेवा आता."

पण सुदर्शनराव उठले नाहीत. टीव्हीवर चित्र थांबलं होतं, त्यांच्या मागे ते पाणी आणि तो दगड. त्यांनी त्या दगडाकडे बोट दाखवलं.

"हरिओम," ते म्हणाले. "ह्या थंडीत आलती का रे?"

"आली होती."

"मग?"

"वरून दोन-तीन घिरट्या घातल्या. खाली पोकलेन चालू होतं. गेली."

सुदर्शनरावांनी नाक ओढलं. सगळ्यांनी आपोआप त्यांच्या खिशाकडे पाहिलं, पण फोन वाजला नाही.

"ठेव ते," ते म्हणाले. "फोनासकट ठेव. अर्धं दाखवशील तर माझी बायको मला घरात घ्यायची न्हाई."

हरिओमला एवढ्यावर उठता आलं असतं. पण तो निवेदनं देणारा माणूस होता. मंजूर झालेल्या अर्जाखाली दुसरा अर्ज जोडल्याशिवाय त्याला राहवत नसे.

"आणि तळं?"

"आता तू लईच मागून राहिलास!"

"मी अजून रुसलेला आहे. नागम्मा आत्या, मी जेवत न्हाई बरं का."

"सुदर्शना, दे रे काय मागतो ते!" आत्या किंचाळली.

सुदर्शनरावांनी डोळे मिटून तळ्याचा नकाशा मनात फिरवला. "पूर्वेची बाजू अजून व्हायचीय, ती सोडतो. तिकडं पिचिंग करत न्हाई. तिथला चिखल, ती पाणकणसं, तो दगड, आहे तसं राहू दे. बदकांला तेवढं चालतं का?"

"चालतं. पण वर काय सांगणार तुम्ही?"

"काय सांगायचं? काम अर्धवट राहिलं मन्लं की कुणी विचारत न्हाई. पूर्ण केलं तर चौकशी लागते."

"आणि ते सहा राजहंस?"

"हंसाला हात लावू नको. ते साहेबांच्या मिसेसनं पसंत केलेत."

*

पानं पुन्हा वाढली. धोंडे गार झाले होते, तूप थिजायच्या ऐवजी उन्हानं पातळच राहिलं होतं. नागम्मा आत्यानं नियम मोडून जावयांच्या आधी पहिला घास घेतला आणि कुणी तो पाहिला नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. दीपमाला नवऱ्याला आग्रह करून करून वाढत होती आणि मध्येच तोंड फिरवून हसत होती. वर्षाराणीनं हरिओमच्या पानात तिसरा धोंडा टाकला. चिमट्याची भरपाई तिच्याकडून एवढीच व्हायची होती.

"रविवारी आम्हीबी येतो नांदेडला," गुरुपादप्पांनी जाहीर केलं. "दुकान बंद ठेवू एक दिवस."

हरिओमचा हात थांबला. त्याच्या पटांना सासरे कधी आले नव्हते. त्याला काही तरी चांगलं बोलायचं होतं, पण तोंडात पुरण होतं. ते गिळेपर्यंत त्याला कामाचीच गोष्ट आठवली.

"सुदर्शनराव, तुम्ही पडद्यावर बोलायला लागलात की खाली नाव येतं. नावाखाली काय लिहू? शासकीय कंत्राटदार?"

सुदर्शनरावांनी घास चावायला पुष्कळ वेळ घेतला.

"साडू लिही," ते म्हणाले. "लोकांला रडण्याचं कारण तरी कळेल."